तिसऱ्या दिवशीचं ताट

डोंबिवली पूर्व

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'काकू, सोमवारी सिंधुदुर्गात निघतेय, पहिलंच इन्स्पेक्शन, बारा दिवस. चांगल्या हॉटेलांची यादी पाठवा ना.' यादी पाठवत नाही. होती माझ्याकडे, जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर, गावाचं नाव आणि समोर 'आमटी बरी', 'पोळ्या वातड', 'वांगं उत्तम' असे शेरे. परवा उघडून पाहिली. त्यातली किती हॉटेलं चालू असतील देव जाणे, आणि चालू असली तरी आत आचारी कोण? आचारी गेला की हॉटेल गेलं. पाटी काय, राहते तशीच.

मी एकवीस वर्षं बँकेच्या या इन्स्पेक्शन खात्यात शाखा तपासत फिरले. जेवायचं कसं हे मात्र फिरतीवर शिकले नाही, आपल्या कोपऱ्यावरच्या उडप्याकडे शिकले. तुझ्या आईला विचार. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा सात बारा की सात अठराची फास्ट पकडायची आणि घरात धड डबा झालेला नसायचा. मग उभ्याउभ्या इडली. महिनाभरात एवढं कळलं की साडेसहाची इडली आणि आठची इडली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्या घाण्याचा मेदूवडा फिका असतो, दुसऱ्याला रंग चढतो. खोबऱ्याची चटणी दुपारी बाराच्या पुढे, त्यातून एप्रिल-मेमध्ये, घ्यायची नाही. सोमवारी सांबारात भोपळा जास्त, का ते कधी विचारलं नाही. हे सगळं एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा गेल्यामुळे समजलं. शंभर ठिकाणी एकेकदा गेले असते तर मला फक्त शंभर पाट्या पाठ झाल्या असत्या.

तिथे वाढणारा एक मुलगा होता, दक्षिण कन्नडातल्या खेड्यातून आलेला. दुपारी मोकळा झाला की इंग्रजीचं पुस्तक काढायचा. मुंबईच्या उडपी हॉटेलांमध्ये ही जुनी रीत. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ सालचं. त्या काळापासून तिकडची पोरं दिवसा हॉटेलात राबली आणि संध्याकाळी कानडी रात्रशाळेत बसली. आमचा हा मुलगा पुढे बँकेच्या परीक्षेला बसला. जुन्या पेपरांतली गणितं मी गल्ल्याशेजारी उभं राहून त्याला सांगितली आहेत. पास झाला नाही. आता कल्याणला त्याचं स्वतःचं छोटं हॉटेल आहे आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त मिळत असेल. असो, विषय दुसरा होता.

तर सिंधुदुर्ग. गावात पोचलीस की पहिल्या दिवशी जिथे पोट भरेल तिथे खा. संध्याकाळी एक फेरी मार आणि एक खाणावळ ठरव. दुसऱ्या दिवशी तिथेच जा. तिसऱ्या दिवशीही तिथेच. पहिल्या दिवशी तू गिऱ्हाईक असतेस, दुसऱ्या दिवशी 'कालच्या मॅडम', आणि तिसऱ्या दिवशी बाई आतून विचारतात, 'काल आमटी ठेवलीत ती, तिखट झाली होती का?' मग त्यांच्या स्वतःच्या जेवणातलं काहीतरी ताटात येतं, जे पाटीवर नसतं. जळगावकडे असंच मला कळण्याची भाकरी मिळाली, ज्वारी-उडदाची, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. दोन दिवस तिथे पोळी आणि शेवभाजी खात होते, कारण पाटीवर तेवढंच होतं. सोलापूरला शेंगाचटणी ताटात असतेच, पण दह्यात कालवून, वर कडक भाकरी चुरून कशी खायची ते चौथ्या दिवशी मालकाच्या आईने दाखवलं. फोनवरचे तारे पहिल्या दिवसापुरते ठीक. ते देणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकदाच जेवून गेलेले असतात.

खाणावळ ठरवायची कशी, हे विचारशील. मी आधी हात धुवायची जागा बघते. बेसिनखाली बादली तुंबलेली असेल तर आतलं स्वयंपाकघर बघायची गरज नाही. मग वेळ बघते. एक ते दोनच्या दरम्यान तिथे कचेरीतले लोक, शाळामास्तर, औषध कंपनीचे पोरगे दिसले पाहिजेत. रोज पदरचे पैसे मोडून खाणारी माणसं फसत नाहीत. 'ड्रायव्हर जेवतो तिथे जेवावं' असं सगळे सांगतात, त्यात एक पोटकलम आहे. ट्रकवाला जेवतो तिथे जेव, कारण तो स्वतःच्या खिशातून देतो. एसटी किंवा लक्झरी थांबते तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरकडे बघून काही ठरवू नकोस. त्यांचं ताट बहुतेक ठिकाणी फुकट असतं आणि आपल्यापेक्षा निराळंही असतं. थांब्यावर चहा आणि केळी, बास. आठवडी बाजाराचा वार विचारून ठेव. त्या दिवशी गर्दी होते, बसायला मिळत नाही, पण भाजी ताजी आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात.

आता बाईमाणसाची गोष्ट. मी फिरायला लागले तेव्हा एकटी बाई हॉटेलात शिरली की पोऱ्या धावत यायचा आणि 'फॅमिली रूम'कडे बोट दाखवायचा. हिरवा पडदा, बंद पडलेला पंखा, उदबत्तीचा वास, आणि आत मी एकटीच फॅमिली. वाढपी तिथे सगळ्यात शेवटी यायचा, भात गार झालेला असायचा. दोन वर्षं मी मुकाट्याने त्या पडद्याआड जेवले. मग एकदा खरंच कंटाळले आणि बाहेर गल्ल्याला लागून असलेल्या टेबलावर जाऊन बसले. मालक गडबडला, पण उठा म्हणाला नाही. तेव्हापासून तीच माझी जागा. गल्ल्याजवळ मालकाचं लक्ष असतं, कोणी टक लावून बघत बसत नाही, ताट वेळेवर येतं, आणि गावाच्या बातम्या फुकट ऐकायला मिळतात. कोणाचा ट्रॅक्टर बँकेने ओढून नेला हे मला रजिस्टरच्या आधी गल्ल्यावर कळलेलं आहे. आता दिवस बदलले असतील. तरी रात्रीचं जेवण साडेआठच्या आत उरक आणि लॉजच्या खाली बार असेल तर जेवायला दुसरीकडे जा.

आता ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते.

तुझा मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणेल, 'मॅडम, बाहेरचं कशाला खाता, आमच्या मिसेसने तुमच्यासाठी केलंय.' माणूस वाईट नसतो. पाहुणचार असतो, कोकणात तर तो अंगातच असतो. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या इन्स्पेक्शनला एका तालुक्याच्या शाखेत असंच झालं. गाव सांगत नाही. पहिल्या दिवशी डबा आला, दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची वाटी. मॅनेजरची मुलगी दहावीला होती, तिच्या वह्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी एका गुळाच्या व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, हातात आलं. त्याने दिलेल्या मालाच्या हिशेबात, स्टॉक स्टेटमेंटमध्ये, गोदाम भरलेलं, आणि आम्ही प्रत्यक्ष गेलो तर मागची अर्धी भिंत मोकळी. मी रिपोर्टात लिहिलं, 'मालात किरकोळ तफावत आढळली.'

आमचे सीनियर मितभाषी होते. त्यांनी लाल पेनने 'किरकोळ' खोडलं आणि विचारलं, 'पुरणपोळी होती ना?' बाकी काही बोलले नाहीत. मी त्या पोळीसाठी जाणूनबुजून काही लपवलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगेन. पण तो शब्द माझ्याच हातून उमटला होता. खाल्ल्या मिठाला जागतो तो हात, डोकं नव्हे. डोक्याला आपण दटावू शकतो.

तेव्हापासून शाखेत फक्त चहा, तोही स्टाफला येतो त्यातलाच. जेवण खाणावळीत, हॉल्टिंगच्या, म्हणजे मुक्कामाच्या भत्त्याच्या, पैशातून. नाही म्हणायचं कसं, ते आधीच ठरवून ठेव, ऐनवेळी जीभ अडखळते. मी सांगायचे, 'डॉक्टरांनी वेळा बांधून दिल्यात, मी ठरलेल्या जागीच जेवते.' निम्मं खोटं, पण कोणाचा अपमान होत नाही. काम संपून रिपोर्टवर सह्या झाल्या, की शेवटच्या दिवशी त्यांच्या घरी सरबत पिऊन ये. माणुसकी सोडायची नसते. आणि गंमत बघ, खाणावळीत मी जेवढी मोकळेपणी जेवले, 'अजून भात घाला' म्हणाले, 'आज मीठ कमी पडलं' म्हणाले, तेवढं कुणाच्या घरी कधीच म्हणू शकले नाही. पैसे देऊन जेवलं की आमटीबद्दल खरं बोलता येतं.

बिल मात्र वाच. इन्स्पेक्शनवाली बाई हॉटेलचं बिल न वाचता पैसे देते हे मला चालणार नाही. साध्या हॉटेलात पाच टक्के जीएसटी लागतो. पण हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असेल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि छोटी हॉटेलं पुष्कळदा त्याच योजनेत असतात. बिलावर तसं लिहिलेलं असेल आणि खाली तरीही कर लावलेला असेल, तर शांतपणे बोट ठेवून दाखव. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तालुक्याच्या गावी हा प्रश्न सहसा येत नाही, हायवेवरच्या काचेच्या हॉटेलांत येतो. खाणावळीत बिलच नसतं, पाटीवर खडूने लिहिलेलं असतं. तिथे तुझ्या डायरीत तारीख आणि रक्कम लिहून ठेव. टीए बिलाच्या, म्हणजे प्रवासभत्त्याच्या, वेळी आठवणीवर विसंबू नये.

तू जूनमध्ये चाललीस म्हणून मुद्दाम लिहिते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे विणीवर असतात आणि समुद्रही खवळलेला. तरीही पाटीवर 'ताजी सुरमई थाळी' दिसेल. ती बर्फातली असेल, नाहीतर ट्रकने लांबून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, मग तिकडचा माल इकडे येतो. मालवणला जाऊन बंगालच्या उपसागरातली सुरमई खायची, तेही चढ्या भावाने, याला काय म्हणावं? त्याऐवजी विचार, 'खाडीचं काय आलंय?' तिसऱ्या म्हणजे शिंपल्या मिळतील, कुर्ल्या म्हणजे खेकडे मिळतील. काही नसेल तर सुकटीची चटणी आणि पेज. सोमवारी बरीच घरं आणि खाणावळी शाकाहारी असतात. तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी माग. कुळथाची पिठी मला पहिल्यांदा आजाऱ्याचं जेवण वाटली होती, पावसात भिजून आल्यावर तिसऱ्यांदा खाल्ली तेव्हा मत बदललं. टाकळ्याची भाजी याच दिवसांत निघते, ती पाटीवर कधीच नसते. विचारावी लागते, आणि पहिल्या दिवशी विचारलीस तर 'नाही' म्हणतील.

पोटाचं म्हणशील तर गरम ते खा, चिरून ठेवलेला कांदा-काकडी नको, पावसात पाणी उकळलेलंच. ओआरएसची चार पाकिटं पर्समध्ये असू देत. एक स्टीलचा चमचा आणि छोटी वाटी ने, मेथांबा किंवा लिंबाचं लोणचं ने. लोणच्याची बाटली टेबलावर काढू मात्र नकोस, खाणावळवाल्या बाईंना ते लागतं. लॉजवर एकटी असशील तेव्हा खा.

आणि मिसळीवरून कोणाशी वाद घालू नकोस. कोल्हापूरला कटाबरोबर स्लाइस ब्रेड येतो, नाशकात पापड येतो, आपल्या ठाण्याची मामलेदार तिखटाने डोळ्यांत पाणी आणते. ज्याला जिथे पहिल्यांदा घाम फुटला, त्याची मिसळ तिथली. मी हा वाद एका शाखेत पूर्ण दुपारभर घातलाय, दोन व्हाउचरं त्यामुळे तपासायची राहिली.

परत आलीस की रविवारी सकाळी साडेसातला कोपऱ्यावर ये, दुसरा घाणा निघायच्या वेळेला. तुझी इडली तुझ्या पैशांची, माझी माझ्या.

तुझी,
काकू

ता. क. शाखा ज्या गावात आहे, तिथला बाजार कुठल्या वारी भरतो ते पोचल्यावर लगेच कळव. बुधवारचा असेल तर मी तिथे एकदा येऊन गेलेय. स्टँडच्या मागे, वडाच्या पाराजवळ, घावणे करणाऱ्या एक बाई बसायच्या. त्या आता नसतील, पण त्यांची सून होती.