वाचक विचारतात : नव्या खासदारांकडे काय मागायचं?

प्रश्न : आमचे खासदार पहिल्यांदाच लोकसभेत गेलेत. आमच्या मंडळात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, धनगर सगळेच आहेत. वाड्याचा रस्ता, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांचं ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड आणि धनगरांना अनुसूचित जमातीचा दर्जा, हे सगळं एकाच निवेदनात द्यावं का? (सांगे, गोवा)

उत्तर : एकत्र देऊ नका, असं निवेदन फायलीतच राहतं.

रस्ता आधी वगळा. तो पंचायतीचा किंवा साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा), म्हणजे आमदारांचा विषय. मुख्यतः राज्याच्या अखत्यारीतला प्रश्न लोकसभेत स्वीकारलाच जात नाही.

ओसीआय गृह मंत्रालयाकडे, पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाकडे. म्हणून दोन वेगळे प्रश्न करून द्या, प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आत. आरोप, टोमणे, तर्क नकोत. नेमकं त्यावरच प्रश्न बाद होतात. प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी जावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. माहिती हवी असेल तर अतारांकित प्रश्न बरा, उत्तर लेखी मिळतं. तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात, पण दिवसाला 20च तारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीने, आणि प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात. शून्य प्रहरात (प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या वेळेत) बोललेलं वर्तमानपत्रात छान दिसतं, पण मंत्र्यांवर उत्तराचं बंधन नसतं. त्यापेक्षा लोकसभेच्या नियम 377खाली 250 शब्दांत विषय मांडायला सांगा.

धनगरांचं काम सर्वांत चिवट. गावडा, कुणबी, वेळीप यांचा समावेश 2003मध्ये झाला, तोही संसदेच्या कायद्यानेच. प्रस्ताव राज्याने पाठवायचा, मग भारताच्या महानिबंधकांची (जनगणना पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची) सहमती, राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग, मंत्रिमंडळ आणि शेवटी विधेयक. महानिबंधकांना पटलं नाही तर कागद राज्याकडे परत येतात. खासदारांच्या हाती दर्जा देणं नाही, अडलेली जागा उघडी करणं आहे. म्हणून ‘दर्जा द्या’ अशी मागणी लिहू नका. प्रस्ताव आज कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या त्रुटी निघाल्या, त्या राज्याला कधी कळवल्या, एवढंच विचारायला लावा. लेखी उत्तर हातात आलं की राज्याच्या आदिवासी कल्याण खात्याला त्याच मुद्द्यांवर धरता येतं.

खासदार कोकणीत किंवा मराठीतही बोलू शकतात, फक्त आधी कळवावं लागतं. प्रश्नाचा मसुदा मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत द्या.

प्रश्न : खासदार निधीतून चॅपेलशेजारी सभागृह मिळेल का? वापर सर्व धर्मांचे लोक करतील. (कुडतरी)

उत्तर : जागा चॅपेलची असेल तर नाही. देवस्थान आणि मशिदीच्या जागेलाही हाच नियम. वापर कोण करणार हा मुद्दा इथे चालत नाही, मालकी पाहतात. वर्षाला 5 कोटींच्या या निधीतून खासदार फक्त शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. पंचायतीची जागा शोधा, आधी पंचायतीचा ठराव आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) घ्या, मगच खासदारांच्या कार्यालयात जा.