एका वेळी एकच पाना

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा काळजीने आणि दुसऱ्यांदा वैतागून. ‘काका, तयार रेसची बाईक घेतली, सगळी मॉडिफाय केलेली, आणि माझ्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीपेक्षा लॅपला तीन सेकंद हळू झाले. मला चालवता येत नाही, की गाडीच बेकार आहे?’ शेवटी आवाज जरा चिरकला तुझा. तो मी ऐकला नाही असं समज.

हिंमत, जिद्द वगैरे मी काही लिहिणार नाही. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर रेसच्या ग्रिडवर उभी राहिलीस त्या दिवशीच तो विषय मिटला. पण तुझा प्रश्नच चुकलाय. तू एकदम नऊ गोष्टी बदलल्यास आणि आता उत्तर एका शब्दात मागतेस. फोटोंवरून मी मोजल्या. मागे सरकवलेले फुटपेग (पाय ठेवायच्या दांड्या), खाली घेतलेले क्लिप-ऑन (हँडलच्या मुठी), उलटा गियर पॅटर्न, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर टाकू देणारा), चेन फिरवणारं पुढे चौदा दातांचं स्प्रॉकेट, पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा, मागचा शॉक ॲब्सॉर्बर वेगळा, ब्रेकच्या स्टीलच्या नळ्या आणि मऊ टायर. यातलं नेमकं काय नडतंय, सांग बघू? नाही सांगता येणार. मलाही येणार नाही. ज्याने बांधली त्यालाही येणार नाही, कारण तो ८४ किलोचा होता आणि तू ५२ ची आहेस.

म्हणून पहिली आणि खरं तर एकच गोष्ट सांगतो. एका वेळी एकच पाना हातात घ्यायचा. एकच बदल करायचा, पाच लॅप मारायच्या, आत यायचं, वहीत एक ओळ लिहायची. मगच दुसरा पाना.

‘पण काका, सगळं आधीच बदललेलं आहे, मी एकेक कसं बदलू?’ बदलू नकोस, मागे फीर. तुझ्या हातापायांना ओळखीच्या असलेल्या गाडीकडे एकेक पाऊल परत जा. जिथे वेळ सुधारेल तिथे थांब, तोच नडत होता.

सुरुवात गियरपासून. रोजच्या रस्त्यावर, कॉलेजला जाताना, तुझा डावा पाय पायाच्या बोटांनी गियर वर उचलतो. या गाडीवर वरचा गियर खाली दाबून पडतो. याला कारण आहे. डावीकडे झुकलेली असताना बूट लिव्हरखाली घालायला जागाच उरत नाही, वरून दाबणं सोपं पडतं. अक्कल असलेल्या माणसांनी काढलेली पद्धत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती पायाला शिकवायला महिने लागतात आणि तू तिला एक शनिवार दिलास. मेंदू पूर्ण मोकळा असताना पाय बरोबर पडतो. समोर वळणाआधीची शंभर मीटरची पाटी आली, बाजूने कुणी आत घुसलं, की पाय जुन्या घरी पळतो.

मला हे कुठून कळलं ते सांगतो. तू ऐकलेली गोष्ट वेगळी आहे.

कोइंबतूरचा करी स्पीडवे नवा होता तेव्हा. आमच्याकडे एक आरएक्स १३५ होती, पाच गियरची, आणि माझा एक मित्र होता, ज्याला आम्ही सगळे मेस्त्रीच म्हणायचो. टू-स्ट्रोक इंजिनाचा ब्लॉक तो अशा हाताने घासायचा की बघत बसावं. पोर्टच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या भोकांच्या, कडेवरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटून, आणि म्हणायचा, ‘इथं अजून धार आहे.’ पुण्याहून टेम्पोत गाडी टाकून गेलो. पॅडॉकमध्ये रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्याने नवा ब्लॉक चढवला, नवा सायलेन्सर बसवला, हँडल खाली घेतलं. मीच म्हणालो, गियरपण उलटा करून टाक, मोठे लोक तसंच वापरतात. तो म्हणाला, उद्या सकाळी क्वालिफाइंग आहे. मी म्हणालो, कर रे.

तिसऱ्या लॅपला वळणातून निघालो. पॉवर आली, इंजिन किंचाळायला लागलं, आणि पंधरा वर्षांच्या सवयीने डाव्या पायाने लिव्हर वर उचलली. वरच्याऐवजी खालचा गियर पडला. मागचं चाक जाम झालं, आडवं गेलं, परत पकडलं आणि मला वरून फेकलं. कॉलरबोन मोडलं. हाडाचं काही नाही, ते सहा आठवड्यांत जुळलं.

पण मी पडल्या पडल्या काय म्हणालो? ‘इंजिन जाम केलंस तू.’ चारचौघांत म्हणालो. मला खरंच तसंच वाटलं होतं. पायाने काय केलं ते पायाला कळलं होतं, मला नाही. त्याने गाडी खोलून दाखवायचीही तयारी ठेवली होती. मी बघितलं नाही. ती गाडी विकली आणि आमचं बोलणं बंद झालं. सहा-सात वर्षांनी दुसऱ्या कुणाची तशीच गाडी चालवताना पाय परत तसाच वर गेला, सुदैवाने सरळ रस्त्यावर, आणि मी गाडी कडेला लावून बसून राहिलो.

मी तरी काय करणार होतो, असं अजूनही मनात येतं. चार गोष्टी एका रात्रीत बदललेल्या. चूक कुठली हे कळायला मी वाटच ठेवली नव्हती. तो सायलेन्सर चांगला होता की नव्हता, हेसुद्धा मला आजवर माहीत नाही. एका वेळी एकच केलं असतं तर मित्र राहिला असता. बस, यावर एवढंच.

तर गियर. गियरच्या शाफ्टवरचा आर्म उलटा बसवलास की पॅटर्न सरळ होतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण क्विकशिफ्टरचा सेन्सर गियर लिव्हरच्या दांडीवर आहे. तो ढकलण्यावर चालतो की ओढण्यावर, हे ठरलेलं असतं. पॅटर्न फिरवला की तो गोंधळेल, म्हणून आधी त्याचा प्लग काढून ठेव. हे दोन बदल झाले, असं तू म्हणशील. म्हण. एक ओढला की दुसरा मागून येतो, असंही असतं, आणि ते वहीत तसंच लिहायचं. क्लच वापरून चार दिवस गियर टाकलेस तर काही बिघडत नाही.

मी स्वतः अजून सरळ पॅटर्नवरच आहे. पोरं हसतात. म्हणतात, काकांचं टायमिंग त्यामुळेच अडलं. थोडं अडलं असेलही. पण मला काय झालं आणि का झालं, हे मी प्रत्येक रेसनंतर सांगू शकतो, आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते सांगता येत नाही. असो, तुझं चाललं होतं.

दुसरं स्प्रॉकेट. स्टॉकला पुढे पंधरा आणि मागे पंचेचाळीस, म्हणजे तीनास एक. पुढे चौदा केले की ३.२१. सात टक्के फरक. ऐकायला काहीच नाही. पण आधी जिथे ८,००० आरपीएम असायचे तिथे त्याच वेगाला आता साडेआठ हजारांच्या वर. म्हणजे ज्या वळणातून तिसऱ्यात निवांत बाहेर पडायचीस तिथे तिसरा मध्येच संपतो, आणि झुकलेल्या गाडीवर, उलट्या पॅटर्नवर, तुला गियर टाकावा लागतो. बघ कसं एकात एक अडकलंय. आधीच्या मालकाने ते करीसाठी लावलं असणार. तो ट्रॅक २.१ किलोमीटरचा. चेन्नईचा ३.७, तिथे गाडीला पळायला जागा आहे. पंधरा परत लाव. पण गियरच्याच दिवशी नाही!

आणि मग खरं दुखणं, जे मला फोटोतच दिसलं. फोर्कच्या पायपावर तू झिप टाय बांधलीस, शाबास, ते मी सांगितलेलं लक्षात ठेवलंस. पण वीस मिनिटांच्या सेशननंतर ती टाय जिथे थांबलीय, तिथून तळापर्यंत अजून चार बोटं जागा शिल्लक आहे. इतकं जोरात ब्रेक मारूनही फोर्क दबतच नाही. म्हणजे पुढच्या टायरवर वजन येत नाही, टायर तापत नाही, आणि तुला वाटतं, पुढचं चाक घसरेल. तुला भीती वाटत नाहीये, तुला बरोबर कळतंय. हे दोन्ही वेगळं आहे आणि तू ते एकच समजून बसलीस, म्हणून तो आवाज.

मागेही तेच असणार, मोजून बघ. मागचं चाक लोंबकळेल अशी गाडी उचल आणि ॲक्सलपासून सरळ वर सीटखाली केलेल्या खुणेपर्यंत टेप धर. मग पूर्ण सूट, बूट, हेल्मेट घालून बस. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं. फरक ३० मिलिमीटरच्या आसपास हवा. तुझा १५ च्या पुढे जाणार नाही. मग कुणीतरी पिटमधला शहाणा म्हणेल, प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सैल कर. कर, तीससुद्धा येतील. आता खाली उतर आणि नुसत्या गाडीचं माप घे. तू नसतानाच ती वीसेक मिलिमीटर बसलेली दिसेल. तिथे पाच ते दहा हवेत. याचा अर्थ एकच, स्प्रिंग तुझी नाही. चाव्या फिरवून ती तुझी होणार नाही. ८४ किलोच्या माणसाचा शर्ट बाह्या दुमडून घालण्यातला प्रकार आहे तो.

क्लिप-ऑन, ब्रेक, टायर यांना सध्या हात लावू नकोस. ब्रेक चांगलेच आहेत, दोन बोटांनी दाबायची सवय होईल. टायरची हवा मात्र आत आल्या आल्या, गरम असतानाच मोज, आणि थंड किती होती तेही लिही.

आणखी एक, जे फार थोडे करतात. जुन्या सेटिंगवर पाच लॅप, नव्यावर पाच, आणि परत जुन्यावर पाच. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण चेन्नईत सकाळी आठचा डांबर आणि दुपारी एकचा डांबर एक नसतो, आणि तूही एक नसतेस. परत जुन्यावर येऊनही वेळ सुधारलेलीच असेल तर ती ऊन पडल्याने सुधारली, पान्याने नाही. निम्मे लोक या एका फसवणुकीवर हजारो रुपये घालवतात. मीही घालवलेत.

तू विचारलंस, गाडी विकू का. विकू नकोस. म्हणजे, विकायचीच असेल तर पुढच्या सीझनला वीक, तेव्हा निदान काय विकतेस ते तुला माहीत असेल. मी न बघता विकली होती.

आता स्प्रिंगचं. तुझ्या वजनाची स्प्रिंग बसवून, शॉकचं ऑईल बदलून नीट देणारा माणूस कात्रजच्या पलीकडे आहे. गॅरेजला पाटी नाही. पत्ता वेगळा पाठवतो. शॉक फक्त घेऊन जा, गाडी नको, नाहीतर तो आणखी चार गोष्टी सुचवेल आणि तू हो म्हणशील. आधी तो स्प्रिंगवरून अंगठा फिरवेल, डोळे मिटून. बोलू नकोस मध्ये.

कुणी पाठवलं, असं त्याने विचारलं तर माझं नाव सांग. आणि सांग, तेव्हा गियरचा घोटाळा झाला होता, इंजिनाचा नाही.

तुझा,
काका