चिकट बाहुली, गप्प बोट आणि लाल ताजमहाल

दिवाळीआधी माळे साफ झाले की या सदराची टपाल वाढते. ट्रंकेच्या तळाशी एखादं जुनं खेळणं सापडतं आणि प्रश्न पडतो: हे चालू होईल का, टिकेल का, टाकून द्यावं का? नव्या वाचकांसाठी सांगते, सांगलीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी नोकरी झाली. बंद पडलेल्या व्होल्टमीटरबरोबर मुलांच्या चावीच्या मोटारीही माझ्याच टेबलावर यायच्या. त्यामुळे आठवणींत मी रमते खरी, पण आधी स्क्रू उघडून बघते.

ताई, आमच्या लहानपणी जत्रेत पत्र्याची बोट मिळायची. आत तेलाची वात पेटवली की परातीतल्या पाण्यात फट-फट करत गोल फिरायची. तशीच एक परवा नातवासाठी आणली. वात छान जळते, बोट जागची हलत नाही. दोष कुठे असेल? आणि मुळात ती इंजिनाशिवाय चालते कशी?
— एक आजोबा, सातारा

रागावू नका, पण बोटीच्या पोटात पाणी भरलं होतंत का? माझ्याकडे ‘बिघडली’ म्हणून येणाऱ्या बहुतेक बोटी नुसत्या तहानलेल्या असतात.

बोट उलटी करा. मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या दिसतील. एकीत ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने हळूहळू पाणी सोडा. दुसरीतून पाणी बाहेर आलं की आतली चपटी डबी भरली. नळ्या दोन ठेवलेल्या असतात त्या यासाठीच, एकीतून पाणी शिरतं आणि दुसरीतून हवा निघते. आता दोन्ही तोंडं बोटांनी दाबून धरा, बोट पाण्यात ठेवा, नळ्या बुडल्यात याची खात्री करा आणि मगच वात आत सरकवा. थोडा धीर धरा. आधी एखाददुसरी उचकी लागेल, मग फटफट सुरू होईल.

डबी कोरडी असताना वात बराच वेळ जळली असेल तर मात्र पंचाईत आहे. पाणी आत असतं तोवर डबी शंभर अंशांच्या आसपास राहते. पाणी नसेल तर ती भलतीच तापते, आणि सांध्याला लावलेलं कथील-शिशाचं साधं सोल्डर दोनशे अंशांच्या आतच वितळतं. सांधा सुटला की वाफ कोंडत नाही आणि बोट गप्प बसते. सायकलचं पंक्चर बघतात तसं बघा: एक नळी बोटाने बंद करा, डबी पाण्यात बुडवा, दुसऱ्या नळीतून हलकेच फुंका. जिथे बुडबुडे येतील तिथे पुन्हा सोल्डर करून घ्या. जुन्या रेडिओची दुरुस्ती करणारा कुणी अजून ओळखीचा असेल तर त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता ती चालते कशी ते. डबीतलं थोडं पाणी उकळून वाफ होते. वाफ नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते आणि स्वतःही नळ्यांत शिरते. नळ्या पाण्यात बुडालेल्या, म्हणजे थंड. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं, आतला दाब पडतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. हे एका सेकंदात अनेकदा होतं. डबीचं वरचं पितळी पान अगदी पातळ असतं, ते दर वेळी आतबाहेर लवतं. फटफट आवाज त्याचाच.

इथे प्रयोगशाळेत एखादा चौकस मुलगा हमखास अडवायचा: पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, मग बोट पुढेमागे डुलत का राहत नाही? मी त्याच्यापुढे मेणबत्ती ठेवायची. फुंकून विझव म्हणायची, विझायची. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझव म्हणायची. कुणालाच जमायचं नाही. बाहेर जाणारी धार एका दिशेला नेमकी जाते, आत येताना पाणी चहूबाजूंनी येतं. म्हणून जोर एकाच बाजूला उरतो. नातवाला आधी मेणबत्ती दाखवा, बोट नंतर.

या बोटीचं पहिलं पेटंट 1891 साली तोमा पिओ नावाच्या फ्रेंच माणसाने ब्रिटनमध्ये घेतलं. लवणाऱ्या पितळी पानाची करामत नंतरची, चार्ल्स मॅकह्यू या अमेरिकन माणसाने 1915 मध्ये त्यासाठी अर्ज केला होता. आमच्यापर्यंत ती श्रावणात हरिपूरला, संगमेश्वराच्या जत्रेत पोचली. दुकानदार एका पसरट टोपात एकच बोट फिरवत ठेवायचा आणि बाकीच्या ओळीने मांडलेल्या. आम्हा भावंडांत मिळून एक बोट घेतली जायची. घरी आम्ही ती आईच्या तांब्याच्या घंगाळात सोडायचो, कारण परातीत ती लगेच काठाला अडकते. आंघोळीचं पाणी तापायच्या आत घंगाळ रिकामं करून द्यायचं, एवढीच आईची अट. तुम्हीही मोठं घमेलं घ्या. आणि वातीला गोडं तेल घाला, रॉकेल नको. काजळी कमी धरते.

आईची लहानपणची बाहुली ट्रंकेत सापडली. पोकळ, हलकी, गुलाबी गाल, हात-पाय आत रबराने ओढून बसवलेले. आई तिला ‘माझी कचकड्याची बाहुली’ म्हणायची. आई 1938 ची. बाहुलीची पाठ चिकट झाली आहे आणि उग्र वास येतो. पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून शोकेसमध्ये ठेवणार आहे. योग्य आहे ना?
— एक वाचक, दादर

नाही. हवाबंद तर मुळीच करू नका.

आधी ती खरंच कचकड्याची, म्हणजे सेल्युलॉइडची आहे का ते बघू. न चिकटलेल्या जागी, पायावर म्हणा, अंगठ्याने जोरात घासा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला तर शंका नको. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून. अमेरिकेत हायट बंधूंनी 1870 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानने या बाहुल्या जगभर विकल्या. कापूर त्यांच्या हातात होता, कारण कापूर जिथून यायचा ते तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. तुमच्या आईंच्या वयाकडे बघता बाहुली त्याच गोतावळ्यातली असावी असा माझा अंदाज.

गरम सुई टोचून पारख करायला सांगणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. हा पदार्थ भडकन पेटतो. जुन्या सिनेमाच्या फिल्मही याच जातीच्या होत्या आणि त्यांनी गोदामंच्या गोदामं जाळली आहेत.

पाठीचा चिकटपणा आणि उग्र वास म्हणजे सेल्युलॉइड आतून विघटित होतंय. त्यातून आम्लाची वाफ निघते. ती पिशवीत कोंडली तर बाहुली स्वतःच्याच वाफेने लवकर संपते. शेजारी पितळी भातुकली असेल तर तीही हिरवी पडेल. तेव्हा पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याला चार-सहा भोकं पाडा, आत धुतलेलं जुनं सुती कापड अंथरा आणि खोका थंड, कोरड्या जागी एकटा ठेवा. ऊन नको, शोकेसमधला दिवा नको, आणि हे मुद्दाम सांगते, देवघराजवळ नको. स्पिरिटने पुसू नका, तेल लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स.

झालेली झीज भरून येत नाही, ती फक्त मंदावते. म्हणून याच आठवड्यात चांगल्या उजेडात तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आई सोबत असतील तर बाहुली त्यांच्या हातात देऊन काढा. नाव काय ठेवलं होतं तेही विचारून लिहून ठेवा. हे लोक सांगायचं विसरतात आणि आपण विचारायचं.

व्ह्यूमास्टरमधून, म्हणजे चकती घालून डोळ्यांना लावायच्या चित्रयंत्रातून, लहानपणी पाहिलेला ताजमहाल पांढराशुभ्र आठवतो. आता त्याच चकतीत सगळं लालसर दिसतं. काही चित्रांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे डागही आहेत. दुरुस्त होईल का?
— एक वाचक, चिपळूण

लाली जाणार नाही. रंगीत फिल्ममध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे रंगांचे तीन थर असतात. काही काळातल्या फिल्मांचा निळसर थर अंधारात ठेवूनही उडतो. निळं गेलं की उरतं ते लाल. चित्रं स्कॅन करून संगणकावर रंग बराचसा सावरता येतो, पण मूळ चकती लालच राहील.

डाग ही बुरशी. तुमच्या कोकणातल्या पावसाची देणगी. ओल्या कापडाने पुसलंत तर फिल्मवरचा जिलेटिनचा थरच निघून येईल. चकत्या कागदी पाकिटात घालून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा आणि पुड्या मधूनमधून बदला.

पण चकती टाकू नका. तिच्यावर चौदा चित्रं असतात, म्हणजे सात जोड्या: प्रत्येक जोडीतलं एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र आलं तेव्हा लोक हरखले ते चित्रातल्या खोलपणाला, आणि खोलपणा काही रंगावर अवलंबून नसतो. लाल ताजमहालही खटका दाबला की तसाच पुढे येऊन उभा राहतो. बघा.

लाकडी भातुकली आहे, लाल-हिरव्या-पिवळ्या रंगाची. सासूबाई म्हणतात सावंतवाडीची, माझी बहीण म्हणते कर्नाटकातल्या चन्नपट्टणची. कसं ओळखावं? लेक वर्षाची आहे, तिला खेळायला देऊ का?
— एक वाचक, ठाणे

फोटो पाठवला असतात तर बरं झालं असतं. गाव छातीठोकपणे मी सांगणार नाही, पण रंग कसा दिलाय ते तुम्हालाच कळेल. भिंग घेऊन बघा. रंग गोल-गोल कड्यांत, एकसारखा, आतून चमकणारा असेल तर तो लाखेचा. चन्नपट्टणला खेळणं लेथवर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाने लाख वितळून लाकडात बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. ब्रशचे फटकारे, पानं-फुलं, नक्षी दिसत असेल तर हाताने रंगवलेलं काम. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पाहिली असतील, सीताफळाच्या खवल्याखवल्यावर छटा असते, ते या जातीचं. पण सावंतवाडीतही लाखकाम होतं, त्यामुळे सासूबाईंना इतक्यात हरवू नका.

लाखेच्या खेळण्याला सॅनिटायझर लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. किंचित ओलसर कापड पुरे.

लेकीला मात्र ही भातुकली आत्ता नको. वर्षाचं मूल वस्तू आधी तोंडात घालतं. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्यात आणि केशरीत, शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. तुमची भातुकली त्याआधीची असावी. तिला नवी घ्या, आयएसआय खुणेची किंवा खात्रीच्या कारागिराकडची, आणि जुनी ती मोठी झाल्यावर द्या.

माझे आजोबा म्हणतात ते भोवरा जमिनीवर न टेकवता हातावर घ्यायचे. माझा जमिनीवरच आडवा पडतो. मी बारा वर्षांचा आहे.
— एक मुलगा, हडपसर

तू जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, सैल गुंडाळतोस, बघ. आरीपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, सुरू कर, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून आणि घट्ट. टोकाची गाठ मधल्या बोटात अडकव. फेकताना खाली आपटू नकोस, पुढे फेक आणि जाळी संपायच्या क्षणी मनगट मागे ओढ. फिरकी सगळी त्या ओढीतून येते. भोवरा उभा राहतो तो वेगामुळे, नशिबामुळे नाही.

आरी मध्यावर आहे का तेही तपास. तिरकी असेल तर कितीही जोर लाव, भोवरा नाचत-नाचत पडेल.

हातावर घेणं नंतर. आधी जमिनीवर फिरणारा भोवरा उचलायला शीक: तर्जनी आणि मधलं बोट फाकवून जमिनीलगत आरीच्या दोन्ही बाजूंनी सरकव आणि झटक्यात तळहातावर घे. माझ्या भावाच्या भोवऱ्यांवर मी हे चोरून शिकले, कारण मुलींनी भातुकली खेळावी अशी गल्लीची समजूत होती. हरलेल्याच्या भोवऱ्याला बाकीचे आपल्या आरीने गुच्चे मारायचे, तसा गुच्चे खाल्लेला भोवरा आजोबांकडे शिल्लक असेल तर मागून घे. मात्र काचेच्या खिडकीपासून लांब खेळ.

तुळशीबागेतून आणलेली आजीची पितळी भातुकली, बंब-शेगडीसकट. आज किती किंमत येईल?
— एक वाचक, नागपूर

किमती मी सांगत नाही. मुलांनी त्यात खरंच काही शिजवावं असं वाटत असेल तर सांगते: चिंच, टोमॅटो, ताक असलं आंबट बिनकल्हईच्या पितळेत नको. कल्हईवाल्याकडे न्या, नवसागर लावून कथलाचा हात फिरवायला त्याला वेळ लागत नाही. फक्त बंबाच्या तोटीत कथील जाऊन ती बुजणार नाही, हे त्याला आधी बजावा.

पुढच्या वेळी प्रश्नाबरोबर खेळण्याचा फोटो पाठवा, बाजूला मोजपट्टी ठेवून. ‘एवढं-एवढं होतं’ वरून मला काही कळत नाही.