आजीचा आजार नातवाच्या रक्तात उतरतो का?

अशोक चौकाजवळ यंत्रमागावर काम करणारे एक वडील आपल्या १४ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपासून मुलगा क्षुल्लक कारणावरून चिडत होता, त्याने क्रिकेट सोडले होते आणि पहाटेपर्यंत तो जागा राहत होता. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांचे अहवाल व्यवस्थित आल्यामुळे काकांनी ‘ही सगळी नाटके’ असा निकाल दिला होता. वडिलांची धास्ती मात्र वेगळी होती. “माझ्या आईलाही असंच व्हायचं, मॅडम. रक्तातच असेल तर नुसतं बोलून काय होणार?”

मुलाची लक्षणे नैराश्याकडे बोट दाखवत होती, पण नैराश्य दाखवणारी रक्ततपासणी अस्तित्वात नाही. या चाचण्या तशीच लक्षणे देणारे इतर आजार वगळण्यासाठी असतात, हे मी आधी स्पष्ट केले. मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिडच ठळक दिसू शकते, हे काकांनाही सांगायला हवे होते. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतील नैराश्याच्या प्रवणतेतला सुमारे ४० टक्के फरक तिच्याशी जोडता येतो. मात्र हा आकडा समूहाचा असून त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही. ‘नैराश्याचे जनुक’ असे एकच जनुक नसते, तर अत्यल्प परिणाम करणारी अनेक जनुके मिळून ताणाविषयीची संवेदनशीलता वाढवतात. ताण लांबला की कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे नियमन बिघडू शकते, झोप विस्कटते, आणि या वयात भावना तीव्र असताना त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते. ‘मेंदूतले एक रसायन कमी झाले’ हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण अपुरे आहे.

बोलण्याच्या उपयोगाविषयीची शंका याच ठिकाणी सुटते, कारण विचारांची आणि वागण्याची नवी सवय लागणे हीसुद्धा मेंदूतच घडणारी प्रक्रिया आहे. मुलाच्या मनात मरणाचे विचार डोकावत असल्याचे त्याने एकट्याने बोलताना सांगितल्यामुळे मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधला. त्यांनी समुपदेशनासोबत फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. पहिल्या काही आठवड्यांत असे विचार वाढण्याचा धोका असल्याने औषधांचा डबा आईने कुलपात ठेवला आणि घरातील एक मोठे माणूस सतत त्याच्याजवळ राहिले.

वडिलांनी शेवटी धाकट्या मुलीविषयी विचारले. तिच्यावर पाळत ठेवू नका, मात्र दोन आठवडे तिची झोप, भूक, अभ्यास किंवा मैत्रिणींतली रुची ढळलेली दिसली तर थांबू नका, असे मी सांगितले. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर फोन करता यावा म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांना लिहून दिला.