प्रयोगशील संगीत म्हणजे नुसती घरघर वाटते. नवीन, हटके काही ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मित्रानं पाठवलेले दोन अल्बम ऐकले, वीस-वीस मिनिटं एकच सूर, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी घरघर. घरघर हा शब्द अगदी चपखल आहे. फक्त ती आपल्याला परकी नाही, एवढंच माझं म्हणणं.

मी मिरजेचा. दिवसा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. लहानपणी तीन वर्षं गाणं शिकलो. गळा यथातथाच, म्हणून बुवांनी मागे तंबोरा धरायला बसवलं. गाणं काही आलं नाही, पण तासन् तास एका सुरात बसायची सवय लागली.

आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना बघा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा माथा हलक्या हातानं घासतो, तार छेडतो, परत घासतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो. दोऱ्याची जागा चुकली तर तार मुकी, 'टण्ण' करून संपते. केसभर सरकवला की तीच तार उघडते आणि त्या एका सुरातून पंचम, गंधार, वरचे षड्ज झिरपायला लागतात. मित्रानं पाठवलेल्या त्या एकसुरी संगीताला 'ड्रोन' म्हणतात, त्यात ऐकायचं ते हेच. सूर जागचा हलत नाही, त्याच्या पोटातलं हलत राहतं.

हा संबंध मी मिरजेच्या अभिमानापोटी ओढूनताणून लावत नाहीये (थोडा अभिमान आहेच). किराणा या गायकीच्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली हे तिकडचे प्रयोगशील संगीतकार त्यांचे शागीर्द झाले. यंग आधीपासून लांबच लांब सूर धरत होते, पण तंबोऱ्याची तालीम त्यांना मिळाली ती किराण्याकडून. म्हणजे तुमच्या मित्रानं पाठवलेली घरघर आपल्या गल्लीची लांबची पाहुणी निघायची.

आधी आठ दिवस नुसता तंबोरा ऐका, रोज दहा मिनिटं. मोबाईलच्या स्पीकरवर नको. काळी एक या पट्टीतला खर्ज, म्हणजे तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सूर, साधारण ७० हर्ट्झवर येतो, तो त्या टीचभर स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. साधे इअरफोन चालतील.

मग आरुषी जैन. मॉड्युलर सिंथेसायझरवर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवायच्या विजेच्या वाद्यावर राग उभा करते. 'अंडर द लायलॅक स्काय' (२०२१) दिवेलागणीला ऐका, 'डिलाइट' (२०२४) जेवणं उरकल्यावर. 'डिलाइट'च्या मुळाशी बागेश्री राग आहे. बागेश्री ओळखीची असेल तर आधी चुकल्याचुकल्यासारखं होईल. होऊ द्या. नंतर कॅली मलोन यांचं 'द सॅक्रिफिशियल कोड' (२०१९). चर्चमध्ये असतो तसा पाइप ऑर्गन, इतका संथ की एक स्वर बदलला तरी खोलीतलं कुणी उठून गेल्यासारखं वाटतं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

जुनं पण अलीकडेच बाहेर आलेलंही आहे. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ लावून दिला होता. तिथल्या टेपा 'द एनआयडी टेप्स' नावानं २०२३ मध्ये निघाल्या. सगळंच ग्रेट नाही, काही तुकडे नवं खेळणं हातात आल्यासारखे आहेत, पण त्यातच मजा आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांना डिस्को ठेका दिला, तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली आणि लोक चाट पडले, कारण शिकागोचं अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत ज्या यंत्रावर पुढे उभं राहिलं, तेच यंत्र यांनी आधी वापरलं होतं.

नवीन शोधायला बँडकॅम्प, कलाकार थेट आपलं संगीत विकतात ती वेबसाइट. बरेचसे अल्बम विकत घ्यायच्या आधी ऐकता येतात. तिथल्या याद्यांच्या फार नादी लागू नका. अल्बम आवडला की खाली तो घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात, त्यातल्या एखाद्यावर टिचकी मारा, त्याचा अख्खा संग्रह उघडतो. मला निम्म्याहून जास्त चांगलं असं परक्याच्या कपाटात डोकावूनच मिळालंय. घ्यायचंच असेल तर 'बँडकॅम्प फ्रायडे' बघून घ्या, त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते.

या दुनियेत अजून कॅसेटी निघतात, ५०-१०० नगांच्या. हौसेनं एक मागवली आणि घरचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नेला. मिस्त्रीनं पट्टा बदलला आणि माझीच कॅसेट लावून बघितली. बंद केली. स्पिरिटनं हेड पुसलं, परत लावली. परत पुसलं. तिसऱ्यांदा मान हलवत म्हणाला, "दादा, मशीन ओके आहे. कॅसेट कामातून गेलीय तुमची."

मी "बरं" म्हटलं आणि पट्ट्याचे पैसे दिले.