परीक्षा संपली, आता व्यायाम कसा सुरू करायचा?

जिमची वर्षभराची फी आत्ताच भरू नकोस. सेमिस्टर संपल्याच्या जोशात भरलेले पैसे बहुतेकांचे वाया जातात. आधी ठाण्यातल्या उपवन तलावावर भरभर चाल, आठवड्यातून तीनदा अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते; तिथे सावकाश पोचशील.

दोन दिवस घरीच जोर-बैठका. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून काढ. परीक्षेआधी पन्नास बैठका काढायचास म्हणून आज पन्नास काढल्यास, तर परवा जिना उतरताना कठडा धरावा लागेल. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं, मग ओसरतं. सांध्यात टोचलं तर मात्र थांब.

वेळ सकाळचीच ठेव. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या गर्दीतून घरी आलेला माणूस बूट काढतो, पुन्हा घालत नाही (निदान मी तरी नाही). पावसाळ्यात येऊरच्या डोंगरातल्या निसरड्या वाटांपेक्षा सोसायटीचा जिना बरा. आणि सबमिशनच्या आठवड्यात दहाच मिनिटं कर, पण पूर्ण सोडू नकोस.