ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी नव्हे

वेंगुर्ल्याची बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी विचारते: ‘काजूच्या टरफलाच्या तेलात ॲरोमॅटिक संयुगं असतात. आमच्या मराठी टिपणांत त्यांना “सुगंधी संयुगं” म्हटलंय. पण हे तेल हाताला लागलं की कातडी जाते, आणि बिया भाजतानाच्या धुरात उभं राहवत नाही. यात सुगंध कुठला?’

कुठलाच नाही. टिपणं लिहिणाऱ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, इतकंच. अर्थात मूळ चूक त्याची नव्हे, रसायनशास्त्रज्ञांचीच.

हा शब्द रासायनिक अर्थाने पहिल्यांदा वापरला तो हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, 1855 साली. तेव्हा या कुळातले माहीत असलेले बरेच पदार्थ वासाचे होते. लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही त्याच कुळातली. कुळाचा मूळपुरुष म्हणजे बेंझीन, आणि त्याच्या नावातही वास आहे. अरबी व्यापारी एका डिंकाला ‘लुबान जावी’ म्हणत, म्हणजे जावाचा लोबान. युरोपात जाताना त्यातला ‘लु’ गळला, ‘बान जावी’चं झालं ‘बेंझोइन’. त्यापासून मिळालं ते बेंझोइक आम्ल, आणि 1833 साली मिचरलिखने ते चुन्याबरोबर तापवून जो द्रव काढला तो बेंझीन. दर्ग्यात जळणारा लोबान आणि प्रयोगशाळेतली बाटली यांचं आडनाव एकच आहे!

पुढे कळलं की या पदार्थांना एकत्र बांधणारी गोष्ट वास नाहीच, रचना आहे. केकुलेने 1865 साली बेंझीनचं सहा कार्बनांचं वलय मांडलं. त्या वलयातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याही दोन कार्बनांच्या मालकीचे नसतात, ते साऱ्या वलयाचे असतात. कोकणातल्या माणसाला हे समजवायला फळा लागत नाही. सातबाऱ्यावर सहा नावं आणि जमीन सामाईक! अशी जमीन सहसा फुटत नाही, तसं हे वलयही सहज फुटत नाही. फार तर कार्बनाला चिकटलेल्या एका हायड्रोजनचं नाव कमी होऊन तिथे दुसऱ्या कुणाचं चढेल. म्हणजे फेरफार होतो, वाटप होत नाही. या टिकाऊपणालाच आज ॲरोमॅटिक म्हणतात. (सामाईक इलेक्ट्रॉन दोन, सहा, दहा अशा ठरावीक संख्येतच लागतात, हा ह्यूकेलचा 1931 चा नियम तुमच्या अभ्यासक्रमात असेलच.)

मग नाकाचा पुरावा उलटा पडतो. आरतीतला कापूर वासाचा, त्याच्या रेणूत वलयंही आहेत, पण तो ॲरोमॅटिक नाही. हापूसची आढी उघडल्यावर घर भरून टाकणाऱ्या वासात ओसिमीन असतं. त्याला तर वलयच नाही. उलट ट्रंकेतली डांबरगोळी, म्हणजे नॅफ्थलीन, पक्की ॲरोमॅटिक. तिला सुगंधी कोण म्हणेल?

म्हणून माझं मत: ‘ॲरोमॅटिक संयुग’, ‘ॲरोमॅटिक वलय’ असंच लिहावं. ‘सुगंधी’ हा शब्द अत्तर, जायफळ आणि आंबेमोहोर तांदळासाठी मोकळा ठेवावा. मराठी प्रतिशब्दांचा मी एरवी कैवारी आहे, पण जो प्रतिशब्द खोटं सांगतो त्यापेक्षा उसना शब्द बरा.

आता तुमचं तेल. त्यातलं मुख्य ॲनाकार्डिक आम्ल हे बेंझोइक आम्लाचंच भाऊबंद, म्हणजे फिरून लोबानाच्या घरी आलो. फक्त त्याच्या वलयाला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पंधरा कार्बनांची लांब शेपटी चिकटलेली असते. अंगावर बिब्बा उततो तोही अशाच शेपटीवाल्या वलयांमुळे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातली झाडं. त्या शेपटीला मात्र ॲरोमॅटिक म्हणायचं नाही, ती ‘ॲलिफॅटिक’. हा शब्द ग्रीकमधल्या तेला-चरबीच्या शब्दावरून आला. आजोळी ओल्या काजूंच्या उसळीसाठी बिया फोडायला बसण्याआधी आजी आमच्या हातांना खोबरेल चोपडायची. ते पूर्ण ॲलिफॅटिक.